मशीनवर उभं राहिलेलं नाणं

प्रिय मामा,

तुला जाऊन पाच महिने झाले, पण मी एक ओळ लिहिली नव्हती. आज लिहितोय, कारण काल मी नालासोपाऱ्याच्या त्या मशीनच्या दुकानात परत गेलो होतो. आपण शेवटचे एकत्र उभे होतो, ते दुकान. भांडत उभे होतो.

वादळात पडलेल्या तुझ्या फणसाच्या फळ्या गिरीजला तुझ्या घरच्या पडवीत दोन वर्षं वाळत होत्या, आठवतं? त्यांतून मला प्रणालीसाठी पेटी करायची होती, तिचं लग्न दुसरीकडे ठरायच्या आत. तू हातकरवतीने केली असतीस. माझ्यात कुठला एवढा दम? मला विजेवर चालणारा टेबल सॉ पाहिजे होता, माझ्या डिलिव्हरीच्या पगारात बसेल असा, आणि त्याच रविवारी.

मी विचारत होतो मोटर केवढी, पातं केवढं. तू खिशातून पाच रुपयांचं जाड नाणं काढलंस आणि चालू मशीनच्या टेबलावर, पात्यापासून लांब, कडेवर उभं केलंस. पडलं. पुन्हा उभं केलंस. पुन्हा पडलं.

"थरथरतंय बग. फळी टेकवायची पट्टी पन सरळ बसत नाय. लाकूड अडकंल नि अंगावर येल."

जन्मभर कारखान्यात फिटर होतास, उगाच बोलणारा नव्हतास. पण दुकानदार हसला आणि ते हसणं मला लागलं.

"तू नाणी उभी करत बस," मी सगळ्यांसमोर ओरडलो. "म्हणूनच एक स्टूल करायला तुला वर्ष लागतं. माझ्याकडे वेळ नाही."

"कालेज सोडलंस तवा पन हेच बोल्लास." एवढंच म्हणून तू नाणं उचललंस आणि बसस्टॉपकडे चालू लागलास. मागे वळून दोन शिव्या तरी का नाही दिल्यास रे?

मशीन घेतलं, गच्चीवर लावलं. तू घरी नसताना मामीकडून फळ्या उचलून आणल्या. कापलेली प्रत्येक फळी एका टोकाला दोन सूत जास्त रुंद. एक फळी अडकली आणि उलटी येऊन पोटात बसली. आठवडाभर वाकून चालत होतो. तुला कळवलं असतं तर आला असतास का? आला असतास. तेच तर सहन होत नाही.

वाकडी पेटी तशीच राजोडीला प्रणालीकडे नेली. तिने झाकण दाबून पाहिलं. एक कोपरा खाली गेला की दुसरा वर येई.

"घेऊन जा," ती म्हणाली. "तू सगळं असंच अर्धवट आणतोस, आणि मी म्हणायचं छान आहे."

तिच्या बोटात अंगठी होती. पेटी मी तिथेच सुरूच्या झाडांत टाकून आलो. तुझा फणस होता तो, मामा.

तीन आठवड्यांनी तू गेलास. केळींना पाणी लावताना वाडीत खाली बसलास, तो उठलाच नाहीस. तोवर मी फोन केला नव्हता. आधी काहीतरी नीट करतो, मग तोंड दाखवतो, असं रोज म्हणत होतो.

काल माझं मशीन विकायला म्हणून गेलो. दुकानदाराने ओळखलं.

"मामा नाही आले? तुझ्यानंतर दोन वेळा येऊन गेले ना." त्याने कोपऱ्यातलं एक जुनं, रंग उडालेलं मशीन दाखवलं, माझ्या मशीनहून लहान मोटरचं. "यावर त्यांचा कॉइन उभा राहिला. बोलले, भाचा येईल, डोक्याने गरम आहे, त्याला हेच दे."

तू गेलास हे न सांगता मी त्याला ते चालू करायला लावलं.

त्याने मशीन चालू केलं. मी नाणं काढलं. टेबल शांत होतं रे. माझाच हात थरथरत होता. तीनदा लावलं, तीनदा पडलं. या वेळी तो हसला नाही.

मी तसाच परत आलो. घेऊन करू काय? पेटी कुणाला देऊ, दाखवू कुणाला?

पडवीत तुझी एक फळी उरली आहे, मामीने मागे सरकवून ठेवलेली. माझा माझ्यावर भरवसा नाही, म्हणून मोठं वचन देत नाही. एवढंच देतो: त्या मशीनवर माझ्या हाताने नाणं उभं राहीपर्यंत त्या फळीला पातं लागणार नाही. दर रविवारी दुकानात जाईन आणि लावून बघेन. वर्ष लागलं तरी.

तुझा डोक्याने गरम भाचा,
सुजित