म्हैस अजून डोहातच

सोम. ६ जाने.
आज धुळे–पारोळा गाडीत एका सद्गृहस्थाने माझ्या चष्म्यावर आसन ग्रहण केले. एक काडी जागीच गेली, काचेला तडा. दुखवट्याचा ठराव मांडणार होते, पण कोरम नव्हता, अर्धी बस झोपेत. चष्मेवाला म्हणतो, काच यायला आठ-दहा दिवस. तोवर जवळचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. थोडक्यात, माझ्या तिसरीतल्या निम्म्या पोरांना दिसतं तसं.

शनिवारी वर्गाला वाचून दाखवायला घेतलेली गोष्टही अर्ध्यात अडकली. गावातली म्हैस डोहात जाऊन बसते, काही केल्या निघत नाही. शेवट मीसुद्धा वाचलेला नाही. वर्गाला सांगितलं, चष्मा येईपर्यंत म्हैस पाण्यात.

बुध. ८
वाचन तास. पद्धत नेहमीची. नाना (आमचे मुख्याध्यापक) कपाट उघडतात, पुस्तकं वाटतात. मी फोटो काढून ग्रुपवर टाकते. नाना पुस्तकं मोजून घेतात. कुलूप. मे महिन्यात रिटायर होतायत. म्हणे, एक पान फाटलं तरी चार्ज देताना माझ्या गळ्याशी. माणूस वाईट नाही, घाबरलेला आहे. मी तरी कुठली शूर. फोटो मीच काढते.

फोटोत सगळ्यात छान येते रोहिणी. नजर पानावर, बोट ओळीवर, ओठ हलताहेत. एक अक्षर ओळखत नाही. बोट आणि ओठ माझे बघून उचललेत.

मधल्या सुट्टीत पदराला धरून, "बाई, म्हैस निंघनी का?"
म्हटलं, तू पहिली ओळ वाचून दाखव, मग म्हैस मी काढते. प्रशिक्षणात याला प्रेरणा म्हणतात. बाजारात अडवणूक.

सोम. १३
रोहिणीचा फोटो तालुक्याच्या ग्रुपवर झळकला, 'आदर्श वाचक'. अंगठेच अंगठे. शुक्रवारी तालुक्याचे शिक्षणखात्याचे साहेब तिचं वाचन ऐकायला येणार. नानांनी भिंतीला चुना लावायला घेतला.
मी म्हटलं, नाना, तिला वाचता येत नाही हो.
"फोटोत तर येतंय."
विनोद करत नव्हते.

गुरु. १६
काल-आज तिला एकटीला घेऊन बसले. क, का, कि. माझा आवाज चढत गेला, ती आत आत गेली. शेवटी म्हणाली, "माले येस नही." म्हशीचं विचारणंही बंद झालंय. मला अजून दिसत नाही, तिला दिसून उपयोग नाही. छान जोडी जमलीय. उद्या…

शुक्र. १७
साहेब आले. हार, नारळ. रोहिणीच्या हातात ग्रहताऱ्यांचं पुस्तक. उभी राहिली. ओठ हलले, आवाज नाही.
साहेब म्हणाले, मोठ्याने वाच.
मग बोट ओळीवरून नीट सरकवत, खणखणीत:
"एक म्हैस व्हती. ती डोहमा जाई बसनी. बठ्ठा लोके काठवर जमनात…"
एक प्रसंग चुकला नाही. मी अडकले होते तिथपर्यंत आली आणि थांबली. पुढचं तिच्याकडे नव्हतंच. आम्ही कोणी तिला दिलं नव्हतं.
साहेब हसले, तसे प्रेमळच. "बेटा, पुस्तकात आहे ते वाच. आणि शुद्ध मराठीत."
मग अख्खा वर्ग हसला. रोहिणीने पुस्तक मिटलं आणि जागेवर जाऊन बसली.
तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी साहेबांना विचारलं, चहात साखर किती.

सोम. २०
वाचन तास. रोहिणी पुस्तक हातात घेईना. नानांनी मांडीवर ठेवलं, तिने हळूच खाली सरकवलं. आता नाटकसुद्धा नाही. वाचता न येणारी मुलगी आमच्याकडे आली होती. आम्ही तिचं ते खोटं वाचणंही काढून घेतलं. तिला वगळून फोटो काढला. अंगठे आलेच.
माझी नोकरी अजून दहा वर्षं. तोवर आणखी किती जणींना…

बुध. २२
चष्मा मिळाला. मधल्या सुट्टीत नानांकडे कपाटाची किल्ली मागितली. नाना म्हणाले, फोटोची वेळ नाही, आता कशाला? म्हटलं, एकीचं देणं आहे. पुटपुटत दिली.

रोहिणी हातपंपाच्या ओट्यावर, माझ्याकडे पाठ करून, चिंचोके खेळत होती. जरा अंतर ठेवून बसले. मोबाइल वर्गातच ठेवला होता. वाच म्हटलं नाही, इकडे बघ म्हटलं नाही. उरलेली दोन पानं वाचली, जमेल तिथे तिच्या बोलीत, मोडकीतोडकी.

लोक ओरडून दमतात. एकेक करून जेवायला घरी जातात. काठावर कोणी उरत नाही. तेव्हा म्हैस आपली आपण निघते.

चिंचोके थांबले होते. वळली मात्र नाही.
पुस्तक ओट्यावर ठेवलं आणि वर्गात आले. खिडकीतून पाहिलं नाही.