ह्यांच्या गाडीचा सेल्फ

६ जानेवारी, सोमवार
गाडी आजही सुरू झाली नाही. किल्ली फिरवली की नुसतं टक्, टक्. रणजीतने पुण्याहून फोनवर निकाल दिला. रविवारी तो येईल तेव्हा एका सेल्फमध्ये लागली तर ठेव, नाही तर जवळा बाजारचे उत्तमसिंग विकत नेतील. ह्याच गाडीच्या मागच्या सीटवर हा पोरगा दुपट्यात झोपायचा. आता हे नाहीत, तर गाडीही नको. संताप आला. दोष मीच शोधणार. कॉन्व्हेंटमध्ये सायन्सचं मेडल होतं मला.

७ जानेवारी
निदान : थंडी. रात्री बॉनेटवर गोधडी घातली होती. उपयोग शून्य, गोधडीला काळं ऑइल. धुताना मीराबाई म्हणाल्या, "गाडीला बी सर्दी होऊन राहिली का, बाई?" कामवाल्यांना फार बोलू देऊ नये.
दिवेलागणीला निरांजन लावलं, गाडीतलाही दिवा लावला. तिन्हीसांजेला लक्ष्मी अंधारात ठेवायची नाही, ही सासूबाईंची शिस्त. दिवा आपण विझवायचा नसतो, आपोआप शांत होऊ द्यायचा. हल्ली फारच लवकर शांत होतो. बल्बसुद्धा पूर्वीसारखे येत नाहीत.

८ जानेवारी
संतराम मेकॅनिकने बॅटरी चार्ज करून बसवली. लगेच लागली. तेवढ्यात मीराबाई, "त्यो आतला लाइट रातभर जळून राहतो, त्यानं तर न्हाई?" मी म्हटलं, दिवा संध्याकाळी लागतो, गाडी मी सकाळी सुरू करते, संबंध काय? झाडू घेऊन आत गेल्या. लॉजिकपुढे माणसं टिकत नाहीत.

१० जानेवारी
पुन्हा टक्. संतरामने फसवलं. खरा दोष सेल्फचाच. मोबाइलवर बघितलं, सेल्फवर हलकेच ठोकायचं. लाटण्याने ठोकलं. संतराम येऊन म्हणाला, "त्यो भोंगा व्हता, बाई." आता हॉर्नही वाजत नाही. एवढासा ठोका न सोसणारा भोंगा बसवतातच कशाला?

११ जानेवारी, शनिवार
नवी कोरी बॅटरी. एका सेल्फमध्ये लागली. ह्यांच्या सीटवर बसून थोडी रडले. उद्या रणजीतचं तोंड बंद.
आज आतला दिवा लावलाच, पुढचे मोठे दिवेही लावले. तुळशीपर्यंत उजेड. ह्यांना फार आवडलं असतं.

१२ जानेवारी, रविवार
टक्‌सुद्धा नाही. रणजीतने सरळ उत्तमसिंगना फोन करून बोलावलं, त्याचा जास्त राग आला. उत्तमसिंग म्हणाले, "तकलीफ न्हाई, धक्का मारू," आणि स्टिअरिंगवर बसले. रणजीत आणि संतराम पुरेनात. ह्यांची गाडी अशी अडलेली बघवेना, म्हणून पदर खोचून मीही हात लावला. फाटकाबाहेरच्या उतारावर लागली. मी ओरडले, लागली, आता विकायची नाही. पण थांबवली तर बंद पडेल म्हणून उत्तमसिंग थांबलेच नाहीत.
दुपारी त्यांचा फोन आला. वाटेत कुठेही न अडता जवळा बाजारला पोचली.
मी रणजीतला म्हटलं, बघ, गाडीत काहीच दोष नव्हता.