कोबेच्या गाडीचं खोकं

अहो,

चिठ्ठी फ्रिजवर लावली असती तर तुम्हाला दिसलीच नसती, म्हणून तुमच्या त्या जोडायच्या छोट्या गाडीच्या खोक्यात ठेवतेय. मी संगमेश्वरला ताईकडे जातेय. भांडून नाही. भांडायला समोर माणूस लागतो.

बांगड्याचं तिखलं केलंय, भात तेवढा लावा. गम लावताना खिडकी उघडी ठेवा, त्या वासाने तुमचं डोकं धरतं. केर काढताना जपानच्या कोबे बंदरातून आणलेल्या त्या लाल गाडीचं इवलंसं स्टीअरिंग सापडलं. परवापासून शोधत होतात ना? काडेपेटीत घालून इथेच ठेवलंय.

काल दाराशी येऊन मी म्हटलं, भाट्याच्या समुद्रावर फिरून येऊया का. तुम्ही चिमट्यात गाडीचा आरसा धरून बसला होतात. "थांब, एवढं सुकू दे," म्हणालात. मी थांबले. तो सुकला, मग तुम्ही दुसरा आरसा घेतलात.

बोटीवर होतात तेव्हा बंदराबंदरातून ही खोकी घ्यायचात आणि सांगायचात, रिटायर झालो की घरी बसून जोडणार. मलाही बरं वाटायचं, म्हटलं, चला, माणूस घरात तरी असेल. तेव्हा दर रविवारी फोन यायचा. जेवलीस का, पाऊस किती आहे, कंबर कशी आहे, सगळं विचारायचात. घरी आल्यापासून यातलं काही एकदाही विचारलं नाहीत.

ताईकडे रेंज चांगली आहे. बोटीवरून करायचात तसा रविवारी फोन करा.

मंदा