आमच्या लिफ्टची मोटर युद्धावर गेली

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा बंद लिफ्टमधून साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालायला लिफ्टमध्ये जागा पुरत नाही, म्हणून स्टुलावर बसूनच हात जोडले आहेत. गोड मानून घे.) तुझं पित्त कसं आहे? वहिनींची मान धरली होती ती सुटली का? आम्ही इकडे ठीक. म्हणजे मी तळमजल्यावर ठीक आहे आणि आई चौथ्या मजल्यावर ठीक आहे. आज तिला रुग्णालयात एक्क्याऐंशी दिवस झाले. खुब्याचं हाड जुळलं, टाके निघाले, घरी जायचा कागद सहीशिक्क्यानिशी तिच्या उशाखाली पडून आहे. पण त्याच कागदावर डॉक्टरांनी लिहिलंय की रुग्णाला जिन्याने उतरवू नये, आणि लिफ्ट तर दहा महिने बंद आहे. तू फोनवर दर वेळी विचारतोस, अजून घरी कशी नेली नाहीस, आणि मी सांगायला तोंड उघडलं की तुझी मीटिंग सुरू होते. म्हणून हे सविस्तर पत्र. मीटिंगमध्ये चोरून वाचता येईल.

लिफ्ट बंद, तर लिफ्टवाली पगार कशाचा घेते, असं तुझ्या मनात आलंच असेल. आमच्या नियमपुस्तिकेत लिहिलंय की चालकाने कामाच्या वेळेत लिफ्ट सोडून जाऊ नये. लिफ्ट चालू असावी असं कुठेही लिहिलेलं नाही. तेव्हा मी सकाळी आठ ते दुपारी चार दार उघडं टाकून आत बसते. लोक येतात, चौथा मजला म्हणतात, मी जिन्याकडे बोट दाखवते. (हाडांचा वॉर्ड सगळ्यात वर ठेवायची अक्कल कुणाची, हे मी बरेच दिवस शोधते आहे. तो साहेब निवृत्त झाल्यावर पाय मोडून आमच्याकडेच आला होता म्हणतात. खरं-खोटं देव जाणे, पण ऐकून बरं वाटतं.) आईला आणलं तेव्हा चौघांनी स्ट्रेचर उचललं होतं. वळणावर ते जिन्यात बसेना, म्हणून उभं केलं, आणि आई त्यावर बांधलेली असताना शेवटच्या माणसाला सांगत होती की बाबा, तू पाठीतून उचलू नकोस, गुडघ्यातून उचल.

तर लिफ्टच्या दारावर पाटी आहे, "निधी अन्यत्र वळवल्यामुळे लिफ्ट बंद आहे." आता तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. "अन्यत्र" म्हणजे कुठे, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. वायरमन म्हणाला, कचेरीत विचारा. कचेरी म्हणाली, वरच्या कचेरीत विचारा. शेवटी जावक टपाल बघणाऱ्या बाईंनी (आम्ही सगळे त्यांना जावकबाईच म्हणतो, खरं नाव त्यांच्या घरीच ठाऊक असेल) मला बाजूला घेऊन सांगितलं की तो निधी युद्धाला गेला. मी म्हटलं, अगंबाई, आपलं युद्ध चालू आहे? त्या म्हणाल्या, आपलं नाही, लोकांचं. देशाचं नाव त्यांनी दोनदा सांगितलं, ते मला दोन्ही वेळा म्हणता आलं नाही.

नाव म्हणता येत नाही अशा ठिकाणी आपली लिफ्ट गेली, या गोष्टीने मी अस्वस्थ झाले. राग नंतर आला, आधी नवलच वाटलं. लिफ्टचं युद्ध कसं होत असेल? मोटर वितळवतात का? दोरखंडाचं काय करतात? चौथ्या मजल्यावर, आईच्या समोरच्या पलंगावर, गळ्यात हात बांधलेले भूगोलाचे एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी घरून जगाचा नकाशा मागवला आणि आम्ही तो लिफ्टच्या आतल्या भिंतीला चिकटवला. आपलं गाव एका टोकाला, तो देश दुसऱ्या टोकाला, मध्ये माझं डोकं टेकून टेकून तेलकट झालेला समुद्र.

मग दादा, जी गर्दी लोटली म्हणतोस! लिफ्ट चालू होती तेव्हा लोक आत शिरले की छताकडे बघायचे, आता नकाशाकडे बघून बोलायला लागले. जिना चढण्याआधी दम खायला थांबायचे आणि दम संपला तरी हलायचे नाहीत. प्रत्येकाचं काहीतरी तिकडे गेलेलं निघालं. कुणी चिठ्ठी लिहून त्या देशावर चिकटवली, "शाळेच्या छपराचे पत्रे." दुसऱ्याने लिहिलं, "आमच्या गल्लीत येणारी बस." एका बाईने लिहिलं, "गणिताचे सर." (सर युद्धावर गेले नाहीत. त्यांच्या जागी नवीन नेमलेच नाहीत.) आईने वरून निरोप धाडला, माझाही एक दिवा लिहा. आपल्या कोपऱ्यावरचा दिवा बंद होता म्हणून तर ती खड्ड्यात पडली. चार दिवसांत तो देश चिठ्ठ्यांखाली दिसेनासा झाला.

सगळ्यात तापले ते नळवाले काका. ते नळ दुरुस्त करायला आले होते, पण वॉशर आले नाहीत म्हणून रोज नुसतेच येतात. त्यांचं म्हणणं, आम्ही कर भरतो तो काय परक्यांची घरं पाडायला? त्यावर औषधं देणारे भाऊ म्हणाले, पाडायला नाही, वाचवायला. तिथून जे जुंपलं ते दोन दिवस चाललं. आपलं सरकार नक्की कुणाच्या बाजूने आहे, मोठ्या देशाच्या की छोट्या, यावर दोन तट पडले. गुरुजी गळ्यातला हात सांभाळत खाली आले आणि म्हणाले, आधी दोघांनीही त्या देशावर बोट ठेवा. काकांनी शेजारच्या देशावर ठेवलं, भाऊंनी समुद्रात ठेवलं. भांडण मात्र थांबलं नाही. गोंगाट ऐकून मोठे डॉक्टर आले. त्यांनी मला झाड झाड झाडलं, हे रुग्णालय आहे की बाजार म्हणाले, मग नकाशा बघितला, मागे-पुढे कुणी नाही असं पाहिलं आणि खिशातलं पेन काढून "एक्स-रेची नळी" एवढं लिहून निघून गेले.

आता माझी चूक सांगते. हसायचं असेल तर इथे हसून घे. आईला आणून बारा दिवस झाले होते, मी रोज डबा घेऊन चार मजले चढत होते आणि माझे गुडघे बोलायला लागले होते. जावकबाई म्हणाल्या, तुमचा दुरुस्तीचा पिवळा अर्ज तीन वर्षं निघायचा नाही. युद्धाच्या मदतीचा गुलाबी अर्ज मात्र नऊ दिवसांत निघतो, त्याला कुणी अडवत नाही. मी म्हटलं, मग आपण गुलाबी भरू. लिहायचं ते सगळं खरंच लिहिलं. काय हवं? लिफ्टची मोटर. कशासाठी? रुग्णालयासाठी. किती निकड? अतिशय, वर म्हाताऱ्या बाया अडकल्या आहेत. जावकबाईंनी शिक्का मारला, मी सही केली. अर्जाच्या डोक्यावर "मदत कुणाला" या रकान्यात त्या देशाचं नाव आधीच छापलेलं होतं, तिकडे आम्हा दोघींचंही लक्ष गेलं नाही. ते नाव वाचायची सवय नव्हती ना.

नवव्या दिवशी मंजुरी आली. आणखी तीन दिवसांनी फाटकात ट्रक! नवी कोरी मोटर, लाकडी पेटीत, वर भुश्शात निजवलेली. वायरमनने तिच्यावरून हात फिरवला. वरच्या खिडक्यांत ज्यांना ज्यांना उभं राहता येत होतं ते सगळे उभे राहिले, ज्यांना येत नव्हतं त्यांना बाकीचे सांगत होते. ट्रकवाल्याने कागद पुढे केला, मी झोकात सही ठोकली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि त्याने पेटी बंद केली, ट्रक वळवला आणि निघाला. मी धावत गेले. तो शांतपणे म्हणाला, बाई, मला बोट गाठायची आहे, तुमची सही माल पाठवणारी म्हणून हवी होती. टाळ्या तेवढ्या थोडा वेळ चालूच राहिल्या, कारण वरच्यांना कळायला उशीर झाला.

मोटर परत मागायला गुलाबी अर्जात रकाना नाही. उलट आमच्या पिवळ्या अर्जावर शेरा आला, "मोटर रवाना झाली आहे, तक्रार निकाली." नळवाले काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. नकाशावर त्यांनी मोठ्या अक्षरांत "मोटर (आमच्याच बाईने पाठवली)" असं चिकटवलं.

आणि मग दीडेक महिन्याने तिकडून पत्र आलं, मागच्या पानावर भाषांतर टंकलेलं. लिहिणारा तिथल्या रुग्णालयाचा लिफ्टचालक. म्हणजे अगदी माझ्याच हुद्द्याचा. त्याने आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली आहे, मग आभार मानले आहेत, मोटर उत्तम आहे म्हणाला. पुढे लिहितो की आमच्या रुग्णालयाला सात मजले होते, आता दीड आहे, त्यामुळे मोटर आवारात ताडपत्रीखाली ठेवली आहे. नियमाप्रमाणे मला लिफ्ट सोडता येत नाही, म्हणून मी रोज तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसतो. तुमच्याकडे मोटरी जास्तीच्या झाल्या म्हणून एक आम्हाला दिलीत, तर तुमचं रुग्णालय केवढं मोठं असेल? किती मजले आहेत?

दादा, मला रडू आलं. लिफ्टच्या दाराला आतून खिट्टी नाही, त्यामुळे सगळ्यांनी बघितलं. पत्र जिन्याजिन्याने वर गेलं, प्रत्येक मजल्यावर कुणीतरी मोठ्याने वाचलं. आईने ऐकून विचारलं, मग वरच्या मजल्यांवरची माणसं खाली कशी आली असतील गं? गुरुजींनी चष्मा पुसला आणि विषय बदलला. नळवाले काका नकाशापाशी गेले. त्यांनी आपली जुनी चिठ्ठी काढली आणि नवी लावली. "मोटर इथे असती तर चालली असती, तिथे पडून आहे, मग हा पैसा नक्की कुणाच्या कामाला आला?" तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी ती चिठ्ठी वाचायला लावते. उत्तर कुणाला येत नाही. मोठ्या डॉक्टरांनाही आलं नाही, ते म्हणाले, मी हाडांचा आहे. तुझ्या राजधानीत कुणाला ठाऊक असेल तर विचारून कळव, मी खरंच विचारते आहे, टोमणा नाही.

आता एकच वाट उरली आहे. गुरुजींनी नियमांचं जाडं पुस्तक चाळून शोधलं की इमारतीतल्या दोषामुळे एखादा रुग्ण घरी जायचा कागद मिळूनही अडकला आणि त्याला रुग्णालयात नव्वद दिवस झाले, तर निकाली निघालेली तक्रारसुद्धा पुन्हा उघडते आणि राजधानीतून, म्हणजे तुझ्याच खात्यातून, तपासनीस पाठवावा लागतो. त्याने "रुग्ण अडकला आहे" एवढं लिहिलं की मोटर पंधरा दिवसांत. आईचे नव्वद भरायला नऊ दिवस आहेत. देव करो आणि सगळं नीट होवो.

वहिनींना नमस्कार, मुलांना पाप्या. पित्ताला जप, मीटिंगमध्ये चिडू नकोस.

तुझी,
छोटी

ता. क. वर लिहिलं ते अक्षर न् अक्षर खरं आहे. फक्त आईला जिना उतरता येत नाही, हे सोडून. तीन आठवडे झाले, ती कठडा धरून छान उतरते. दुपारी डॉक्टर जेवायला गेले की तळमजल्यावर येते, नकाशासमोर काकांशी तासभर भांडते आणि पुन्हा वर जाऊन अडकते. मी म्हटलं, आई, चल घरी. तर म्हणाली, माझ्या शेजारच्या पलंगावरच्या कंडक्टरीणबाईंचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये आहेत, त्यांना अजून घरी जायचा कागद नाही म्हणून त्यांना नव्वद दिवसांच्या मोजणीत धरत नाहीत. मी घरी गेले तर नव्वद भरणार नाहीत, मग त्यांना खाली कोण आणणार?

आणखी एक. जावकबाईंनी तपासनिसांची यादी बघितली. आमच्या भागाला तुझं नाव आहे. तेव्हा खरी विनंती ही, की येशील तेव्हा आईला ओळखू नकोस. नातं कळलं तर तपासणी रद्द होते. तुला जड जाणार नाही, तीन वर्षांत तू तिला पाहिलेलं नाहीस. मलाही ओळखू नकोस, सरळ "चौथा मजला" म्हण, मी जिना दाखवीन.

आता शेवटचं. पत्र पाकिटात घालायच्या आधी आईने वाचून घेतलं. म्हणाली, ओळखू नकोस हे लिहिलंस ते बरं केलंस. पण तपासनिसाने रुग्णाच्या पलंगापाशी बसून निदान अर्धा तास विचारपूस करायची असते, असा नियम आहे, तोही लिही. मी पुस्तक पुन्हा उघडून बघितलं, असा नियम त्यात कुठेही नाही. तरी लिहिते आहे.