टॉवेलाखालचा खुळखुळा

५ जानेवारी, सोमवार

नाही शोधला त्यानं. तीनदा केलं. खुळखुळा समोर ठेवला, बाळ्यानं हात पुढं केला, मी वरून टॉवेल टाकला — हात तसाच हवेत. मग माझ्या तोंडाकडं बघितलं. मग स्वतःचा मोजा ओढत बसला. खुळखुळा जणू कधी नव्हताच.

पुस्तकात लिहिलंय, आठ महिन्यांच्या पुढं पोराला कळायला लागतं की एखादी वस्तू दिसत नाही म्हणजे ती नाहीच असं नसतं. झाकलेलं ते उचकून काढतं. बाळ्याचा अकरावा महिना सरत आलाय.

पुस्तक दीपालीताईचं. माझी बहीण, बाळ्याची आई. आधी ती मास्तरीण होणार होती, त्या परीक्षेचं गाईड. अर्धी पानं सुटलीत. मग पोलीस भरतीत लागली, आता लांब ट्रेनिंगला आहे. पोरगं सासूकडं ठेवून गेली आणि मला म्हणाली, "मल्हार, तू तसा बी कुठं टिकत न्हाईस. मग सास्तूरला जाऊन तरी नको टिकूस." ह्या वाक्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पण आलो.

सास्तूरच्या ह्या घरात ताईची सासू विठाबाई, त्यांना मी मावशी म्हणतो. आणि दाजी, प्रेम नाव, उमरग्याला दुकानात कामाला. मावशी म्हशीपाशी नाहीतर रानात, दाजी दुकानात. म्हणजे पोरगं माझ्याकडं. त्याचं खरं नाव कृष्णराज. एवढं मोठं नाव त्याला पेलवेपर्यंत बाळ्याच.

तिसऱ्यांदा टॉवेल टाकला तेव्हा मावशी दारात उभ्या होत्या. "काय करायलास रे? लेकरापुढं काय झाकाझाक लावलीस?" टॉवेल उचलला, स्वतःच्या खांद्यावर टाकला, गेल्या. राग आला का सहज केलं, कळलं नाही.

६ जानेवारी

पुस्तकातला हा माणूस स्वित्झर्लंडचा. नाव मला वाचता येतं, म्हणता येत नाही. स्वतःच्याच तीन पोरांवर प्रयोग केले म्हणे. बायको काय म्हणाली ते पुस्तकात नाही.

त्याचा अजून एक प्रयोग आहे. सारखंच पाणी एका बसक्या भांड्यात आणि एका उंच भांड्यात ओतायचं. सहा-सात वर्षांपर्यंतच्या पोराला उंच भांड्यात जास्त वाटतं. बाळ्या एवढा मोठा नाही, म्हणून दाजींवर केला. ताक घेतलं. त्यांच्या डोळ्यांदेखत ओतलं. "दाजी, कशात जास्त?" दाजींनी उंच पेला उचलला, पिऊन टाकला, म्हणाले, "ह्यात."

मी त्यांना सांगितलं, तुम्ही सात वर्षांच्या आत आहात.

"आन् तू किती वर्षांचा?"

"तेवीस."

"मग कामाला जा की."

पुढच्या पानावर एक रशियावाला आहे. तो म्हणतो, पोरगं एकटं शिकत नाही, जवळच्या माणसाबरोबर शिकतं. आज जे बोट धरून येतं ते उद्या एकट्याला येतं. आता ह्यात नापास कोण? पोरगं का जवळचं माणूस? जवळचं माणूस तर मी. पुढं वाचणार होतो, पण बाहेर कुणाचा तरी बैल सुटला होता. तो धरेपर्यंत दुपार गेली.

७ जानेवारी

डोक्यावरून गोधडी घेतली की मावशी सकाळी येता-जाता ओढून काढतात. रोज. "तोंड उघडं ठिवत जा की रे." थंडी फक्त मलाच वाजते का ह्या घरात?

९ जानेवारी

आज रानात केलं. म्हटलं घरात मावशींची भीती असेल त्याला. पळसाच्या पानाखाली गुळाचा खडा ठेवला. गूळ तरी शोधेल. नाही. पान बघून खूश झाला. पानच खायला लागला. मग बांधावर कुणीतरी हुरडा भाजत होतं, तिकडं गेलो, आणि गूळ मुंग्यांनी शोधला.

येताना अंगणवाडीत गेलो. दैवशालाताई खिचडीचं पातेलं घासत होत्या. त्यांना विचारलं, पोरगं झाकलेलं शोधत नाही, हे कसं काय?

"टाटा करतो का?"

"करतो."

"धरून उभा ऱ्हातो?"

"ऱ्हातो."

"नाव घेतल्यावर बघतो?"

"बघतो. पण झाकलेलं—"

"आता त्याला चोर धरायला लावतूस का? आई पोलीस हाय तेवढं बास." मग पातेलं पालथं घालून म्हणाल्या, "तसं शोधाया पाहिजे खरं ह्या वयात. पुढच्या महिन्यात बघू."

त्यांचं आधीचं बोलणं धरायचं का शेवटचं? रस्ताभर तेच डोक्यात. बाळ्या खांद्यावर झोपला होता. त्याची लाळ माझ्या मानेवर.

११ जानेवारी, रविवार

चूक केली बहुतेक.

ताईला रविवारीच फोन मिळतो. बाळ्यानं फोन चाटला, ती हसली. मग मी सांगितलं. सगळंच सांगितलं — खुळखुळा, गूळ, पुस्तकातलं पान. मला वाटलं तिला माहीत असेल ह्यावर काय करायचं, त्या पानावर तिच्याच पेनाच्या रेघा आहेत.

तिनं मला ते पान परत वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हंजी जे दिसत न्हाय ते त्याच्यासाठी न्हायच?"

"पुस्तकात तसं—"

"मग मल्हार, मी कुठं दिसते त्याला?"

ह्याचा मी विचारच केला नव्हता. खुळखुळ्याचाच करत होतो.

म्हणाली, पुढच्या रविवारपर्यंत बघते, नाहीतर ट्रेनिंग सोडून येते. ट्रेनिंग देणाऱ्या उस्तादाला सांगते, लेकरू आजारी हाय. मी म्हणालो आजारी नाही तो, मस्त आहे, कालच दाजींच्या चपलेचा अंगठा तोडला. तिनं ऐकलं नाही. मागं शिट्टी वाजली आणि फोन गेला.

१२ जानेवारी

दाजी बोलत नाहीत. सकाळी एवढंच म्हणाले, "मधनं सुटून आली तर गेली नोकरी. किती वर्सं पळली ती त्या ग्राउंडवर, तुला ठाव हाय? आन् तू टॉवेल टाकून पोरगं नापास केलंस."

पुस्तक पुन्हा वाचलं. एका पानावर लिहिलंय की प्रत्येक मूल आपापल्या गतीनं वाढतं. तिसऱ्याच पानावर महिन्यांचा तक्ता. मग गती कशाची? लिहिणारे दोन वेगळे होते का?

एक बाई आहे त्यात, अमेरिकेतली. ती आईला खोलीतून बाहेर पाठवायची, परत आत बोलवायची आणि पोरगं काय करतं ते बघायची. तीन-तीन मिनिटं. मिनिटांचं लिहिलंय. महिन्यांचं नाही.

मावशींना कुणी काही सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. भाकरी थापताना नेहमीपेक्षा जोरात थापत होत्या, एवढंच.

१३ जानेवारी

चहा करताना लक्षात आलं — ह्या घरात झाकण नाही. दुधावर जाळी. कालवणावर जाळी. भाकरीच्या टोपल्यावर फडकं असतं ना सगळ्यांकडं? इथं तिथंही जाळी. दारांना पडदे नाहीत. बाळ्याच्या पाळण्यावर मच्छरदाणी आहे, तीही आरपार दिसणारी.

एक गंमत केली. खुळखुळ्यावर टॉवेलाऐवजी दुधाची जाळी ठेवली. बाळ्यानं एका झटक्यात जाळी उडवली, खुळखुळा घेतला. म्हणजे येतं त्याला! मग टॉवेल टाकला. मोजा ओढत बसला.

म्हणजे येतं का नाही येत? पुस्तकात जाळीचं काही नाही.

आणि अजून एक. आमच्या आईपासून कळंबच्या आत्यापर्यंत सगळ्या बाया पोरांपुढं पदर तोंडावर घेतात आणि काढून "भोऽ" करतात. मावशींना मी एकदाही करताना बघितलेलं नाही. एवढ्या खेळवतात त्याला, चिऊ-काऊ करतात, घोडा होतात. पण भो नाही. मी करायला गेलो तर त्या उठून म्हशीकडं गेल्या.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ लई खाल्ला. पोट.

१६ जानेवारी, शुक्रवार

अक्षर कसंही येतंय, येऊ दे.

आज बाळ्याचं बोरन्हाण होतं. शेजारच्या रुद्रम्माकाकूंनीच धरून केलं — "पहिलीच संक्रांत हाय लेकराची, आई न्हाय म्हणून काय झालं?" काळं झबलं, हलव्याचा मुकुट, पाटावर बसवलं. दाजी सुट्टी काढून फोनवर शूटिंग करत होते, ताईला दाखवायला. रुद्रम्माकाकूंनी डोक्यावरून ओतलं — मुरमुरे, बोरं, उसाचे करवे, चॉकलेटं. ओतायच्या आधीच मावशींनी त्याच्या कपाळावर हाताचा आडोसा धरला होता. मुरमुरा तोंडावर येऊ दिला नाही.

गल्लीतली पोरं तुटून पडली, जे मिळालं ते घेऊन पळाली. बाळ्याच्या मांडीत मुरमुऱ्यांचा ढीग राहिला. एक बोर, लालभडक, मुकुटावरून घरंगळत त्या ढिगावर आलं आणि आत गेलं. मी बघितलं. बाळ्यानं बघितलं.

त्यानं ढिगाकडं बघितलं. माझ्या तोंडाकडं नाही बघितलं. दोन्ही हात घातले आणि उकरायला लागला. मुरमुरे इकडं, मुरमुरे तिकडं, अगदी कुत्रं उकरतं तसं — आणि बोर बाहेर काढलं. तोंडात घालायच्या आत मी काढून घेतलं, तेव्हा रडला.

मी ओरडलो, दाजी ओरडले. बायांना काही कळेना, बोरासाठी एवढं काय. मग बघितलं तर मावशी खाली बसलेल्या. पाटाजवळच, मांडी न घालता, कशाही.

"उकरलं की रे त्यानं," म्हणाल्या.

सगळे गेल्यावर आम्ही दोघं सांडलेले मुरमुरे भरत होतो. तेव्हा त्या आपणहून बोलल्या. मला आठवतंय तसं लिहितो.

"मला भाऊ हुता. ह्याच्यापेक्षा जरा मोठा, नुकता चालाया लागलेला. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं घर आलं खाली. आमी भाईर ओट्यावर निजलो हुतो म्हणून ऱ्हायलो. त्यो आत हुता, आज्जीपाशी. सकाळी बघावं तर घर न्हाय, दगड-मातीचा ढीग. मोठी माणसं आली, ढिगावर चढली, कान दिला. म्हनली, हितं काय न्हाय आता. फुडं गेली दुसऱ्या घराकडं."

मी विचारलं, आणि तुम्ही?

"मी तवा चौदा वर्सांची. मोठी माणसं न्हाय म्हनली, म्हंजी न्हाय."

मुरमुरे भरत राहिल्या. डबा भरला, तरी भरत राहिल्या.

"दुसऱ्या दिशी काढला." कसा काढला ते त्या बोलल्या नाहीत, मी विचारलं नाही. "तवापासनं मला झाकलेलं बघवत न्हाय बाबा. कुनी गमतीनं झाकलं तरी न्हाय."

मग डब्यावर जाळी ठेवून आत गेल्या.

पुस्तकात हे आठ महिन्यांच्या पानावर आहे. चौदा वर्षांच्या पानावर ह्याबद्दल काही लिहिलेलं नाही. मी शेवटपर्यंत बघितलं.

१८ जानेवारी, रविवार

ताईला शूटिंग पाठवलं होतं. फोन आला तेव्हा ती आधीच बघून आली होती, कुणा मैत्रिणीच्या फोनवर. "उकरतोय की बया," म्हणत हसत होती आणि नाक ओढत होती. तरी म्हणाली, बोर वेगळं, आई वेगळी. बोर लगेच उकरलं त्यानं. मी किती दिवस गेलेय.

मावशींनी माझ्या हातातून फोन घेतला.

"तू तिथंच ऱ्हा गं. हाईस तू. आमी सांगताव त्याला रोज, हाय म्हणून."

ट्रेनिंग सोडायचा अर्ज दिलेला नाही ताईनं. आता देणारही नाही, म्हणाली. दाजींनी मला ताक दिलं. उंच पेल्यात.

२० जानेवारी

परंड्याहून बलभीमचा, माझ्या दोस्ताचा फोन. त्याला पिकअपवर माणूस पाहिजे, कुर्डुवाडीच्या फेऱ्या आहेत. मला फेऱ्या म्हटलं की बसवत नाही. इथं आता काम काय माझं? पोरगं पास झालं. दाजी म्हणाले रुद्रम्माकाकू बघतील दिवसा, तू जा.

मावशींना म्हणालो, दोन दिवसांत येतो. मी सगळीकडून निघताना हेच म्हणतो. घरी आता कुणी विचारतही नाही कुठं निघालास, सवय झालीय. बाळ्या झोपलेला होता. उठवला नाही.

२३ जानेवारी

परंडा. किल्ल्यावर जाऊन मोठ्या तोफेवर बसलो. बलभीम म्हणाला तोफेत तोंड घालून हाक मार. मारली. माझीच परत आली. पिकअपचा क्लच खराब आहे, दोन फेऱ्या झाल्या, तिसरी बंद. उद्या नीट होईल म्हणतो. पुस्तक चुकून बरोबर आलंय. पुढची पानं पौगंडावस्थेची. वाचवत नाहीत.

२५ जानेवारी, रविवार

मावशींचा फोन आला होता. त्या कधी स्वतः लावत नाहीत, कुणाकडून तरी लावून घेतला असणार. म्हणाल्या, "सकाळी उठलं की बाळ्या रांगत तुझ्या गोधडीपाशी जातोय. कोपरा उचलतोय, खाली बघतोय. रोज."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्या घडी घालून ठिवली हुती. आज परत अंथरलीय."