उघड्या झाकणाचा आळ

नांदूरघाट
ता. ४ मे २००३

चि. सौ. शिवकन्या हिस सासूचे अनेक आशीर्वाद.

मी सुखरूप पोचले. न सांगता निघाले म्हणून बद्रीनाथ रागावला आसंल. त्याला सांग, गावच्या घरी टँकरचं पाणी धरायला माणूस न्हाई, म्हणून आई गेली. माझ्या नातीचे, मुक्ताचे, जुलाब थांबले का? तिला भाताची पेज देत जा.

कमोडचं झाकण लावायचं ध्यानात न्हाई राहिलं, चुकलं माझं. शेजारच्या साखराबाईसमोर तू बोललीस, ते मी मनात धरलं न्हाई. लेकरू आजारी आसलं की आई बोलतीच. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, हसू नको.

पोरीचं लवकर कळीव. माया हाय तशीच हाय.
भिवराबाई

कारखाना वसाहत
ता. ११ मे २००३

तीर्थरूप आत्याबाईंना शिवकन्येचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मुक्ता बरी आहे, कालपासून खेळतेय. हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं.

डॉक्टरांना मी तोऱ्यात सांगितलं, की सासूबाई झाकण न लावता पाणी सोडायच्या, म्हणून हे झालं. ते म्हणाले, झाकण लावावंच, शिंतोडे कमी उडतात, पण तेवढ्यानं रोग थांबत नाही. मग त्यांनी विचारलं, मुलगी शौचाहून आल्यावर साबणानं हात धुते का. इथंही टँकर चार दिवसांआड येतो, म्हणून मीच तिला साबण लावू देत नव्हते. तेच हात ती पिण्याच्या पाण्याच्या पिंपात बुडवायची. बहुधा त्यातूनच झालं, असं ते म्हणाले.

घरी येऊन साखराबाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, तुझी सासू ते कमोड वापरतच नव्हती. रोज पहाटे डबा घेऊन बाभळीकडं जायची."

आत्याबाई, म्हणजे झाकण आम्हा नवरा-बायकोपैकीच कुणीतरी उघडं टाकत होतं. मग चुकलं माझं, असं तुम्ही का म्हणालात? ज्या बाईसमोर मी तुम्हाला घाणेरडं म्हटलं, तिच्याकडे आता मला मान वर करून बघवत नाही. ह्यांनाही सगळं सांगितलं. ते ताटावरून उठले.

रागावून का होईना, चार ओळी लिहा. मी वाट बघतेय.
आपली अपराधी
शिवकन्या

नांदूरघाट
ता. १९ मे २००३

चि. सौ. शिवकन्या हिस आशीर्वाद.

पत्र वाचलं. पोरीला साबण दे, पाणी दुसऱ्या कशात तरी वाचीव.

खरं सांगते, लाज मलाच लई वाटत व्हती. पैल्या दिशी आत गेले, तर त्याच्यावर कसं बसावं, तोंड कुणीकडं करावं, कायबी कळंना. वर चढून बसले, तर पाय सटकला. पुन्हा बादलीभर पाणी सोडायचं. तेवढ्या पाण्यासाठी इथं आमची दुपार जाती. लेकाला कसं इचारावं? तुला इचारलं तर सासू अडाणी वाटंल, म्हणून बाभळीकडं जात गेले. तू बोललीस तवा खरं सांगितलं आसतं, तर कारखान्यातल्या कारकुनाची आई डबा घेऊन जाती, हे वसाहतभर झालं आसतं. त्यापरीस झाकणाचा आळ बरा वाटला. साखराबाईनं पाहिलेलं मला काय ठावं.

आता गुडघे बी वाकत न्हाईत. ऐतवारी येते. दुसऱ्या दिशी बद्रीनाथ कामावर गेला, की दार लावून घे आन् मला त्याच्यावर बसायला शिकीव. लेकासमोर मला जमायचं न्हाई. तुझ्यासमोर जमंल.

तुझी सासू
भिवराबाई