टॉवरवरचे स्पीकर मीच काढले

रॉइस,

गॅरेज धुंडाळू नकोस. बोटीवरच्या लोखंडी कमानीवरचे, तुझ्या त्या टॉवरवरचे स्पीकर मी सकाळी पान्याने काढले आणि गाडीत टाकून नेतेय. उन्हाळाभर त्यांच्यासाठी तू पाइप कापलेस, रंगवलेस, वायरी ओढल्यास, मी हूं की चूं केलं नाही. पण काल आपल्या बोटीमागे दोरी धरून फळीवर उभी असलेली टेसा त्या वेकबोर्डवरून पाण्यात पडली, मागून दुसरी बोट थेट तिच्या अंगावर येत होती. मी मागच्या सीटवरून "थांबव, वळव!" म्हणून घसा फोडत होते, आणि तू त्या स्पीकरवरच्या गाण्यावर मान डोलवत पुढे निघालास! त्या माणसाने ऐन वेळी बोट वळवली म्हणून पोर वाचली. आणि काठाला लागल्यावर तू काय म्हणालास? "बेस कसला दणदणीत लागतोय, नाही?"

टेसाला घेऊन मी आईकडे जातेय. "बाबांना रागावू नकोस," म्हणते ती. माझ्याच्याने ते होणार नाही.

कालचा पास्ता फ्रिजमध्ये आहे. फोन करू नकोस, स्वतः ये. आणि पाण्यात असताना ती काय ओरडत होती, ते तिलाच विचार. मला सांगितलंय तिने. मी तुला सांगणार नाही.

डार्लीन